पायाच्या अंगठ्याची ताकद मोजताना: प्रकल्पाच्या नोंदी

९ जून २०२५, सोमवार

एथिक्स कमिटीचे मंजुरीपत्र आल्यामुळे आजपासून या प्रकल्पाच्या नोंदी रीतसर ठेवत आहे. आमच्या फिजिओथेरपी ओपीडीत मधुमेहाचे, कंबरेतून पायात कळ जाणारे आणि तोल जाऊन पडलेले असे रुग्ण रोज येतात आणि या सर्वांच्याच केस पेपरवर पायाच्या अंगठ्याची ताकद लिहावी लागते. ती आजवर ० ते ५ या श्रेणीत लिहिली जाते. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मज्जातंतूंच्या दुखापती तपासण्यासाठी ही श्रेणी रूढ केली. स्नायू पूर्ण लुळा आहे, नुसता थरथरतो आहे की गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हलतो आहे, हे सांगण्यास ती आजही उत्तम आहे. अडचण वरच्या टोकाला येते. परीक्षकाच्या बोटाला जेमतेम प्रतिकार करणारा अंगठा आणि जवळजवळ निरोगी अंगठा हे दोन्ही ‘४’ या एकाच आकड्यात मावतात, त्यामुळे सहा आठवडे व्यायाम करून रुग्णाची ताकद खरोखर वाढली तरी कागदावर ४ चे ४ च राहतात. व्यायाम देणाऱ्याला आणि करणाऱ्याला, दोघांनाही हे अन्यायाचे आहे.

अंगठ्यावर इतका भर देण्याचे कारण असे की चालताना पाऊल जमिनीवरून सुटण्यापूर्वीचा शेवटचा रेटा त्यातून जातो आणि उभे असताना शरीर पुढे झुकले तर त्याला आवरण्याचे कामही बोटे, विशेषतः अंगठा, करतो. ऑस्ट्रेलियातील वूलाँगाँग विद्यापीठात कॅरन मिकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० वर्षांवरील स्त्रीपुरुषांचा वर्षभर मागोवा घेऊन २००९ साली दाखवून दिले की, जे पडले त्यांच्या पायाच्या बोटांची ताकद न पडलेल्यांपेक्षा कमी होती. ही ताकद मोजण्याची खात्रीची, स्वस्त आणि ओपीडीच्या धांदलीत जमणारी रीत बसवणे, हे या प्रकल्पाचे काम आहे.

१६ जून २०२५, सोमवार

आजचा दिवस वाचनात आणि चर्चेत गेला. उपलब्ध रीतींपैकी आम्ही कागद धरण्याच्या चाचणीचा पाया धरला आहे. रुग्ण खुर्चीवर बसतो, अंगठ्याखाली कागदाची पट्टी ठेवली जाते, तो ती दाबून धरतो आणि परीक्षक ती ओढतो. पट्टी सुटली तर ताकद कमी, टिकली तर ठीक. ही चाचणी कुष्ठरोगाच्या क्षेत्रातून आली, ही बाब मला महत्त्वाची वाटते. या रोगात घोट्याच्या आतल्या बाजूने तळव्याकडे जाणारा मज्जातंतू निकामी झाला की तळव्यातील लहान स्नायू वाळतात, बोटे आकड्यासारखी वळतात आणि बोटांच्या टोकांवर व पुढच्या तळव्यावर दाब एकवटून जखमा होतात. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांवर काम करताना ठामपणे मांडले होते की, हे पाय आपोआप सडत नाहीत; वेदना न कळल्यामुळे त्याच त्या जागी दाब पडत राहतो आणि जखम होते. मधुमेहाच्या पायातही याच साखळीतील बऱ्याच कड्या दिसतात.

मात्र या चाचणीचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच मिळते. पट्टी धरून ठेवणारे सारे रुग्ण एकाच रांगेत बसतात. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर विद्यापीठातील संशोधकांनी अलीकडच्या वर्षांत यावर तोड काढली. त्यांनी पट्टीऐवजी लहान कार्ड घेतले, ते बलमापकाला जोडले आणि कार्ड निसटण्यासाठी किती बल लागले हे नोंदवले. कल्पना साधी आहे आणि आमच्यासारख्या ठिकाणी तीच चालण्यासारखी आहे, असे आमच्या मार्गदर्शक मॅडमचेही मत पडले. प्रश्न उरतो तो हा की, आमची खुर्ची, आमची फरशी, आमचे रुग्ण आणि कोकणातला पाऊस यांत तो आकडा कितपत टिकतो.

२४ जून २०२५, मंगळवार

साहित्य ठरले. कार्ड कागदाचे घेतलेले नाही, कारण या हवेत व्हिजिटिंग कार्ड दुपारपर्यंत मऊ पडते. ओळखपत्रासाठी वापरतात ती कोरी पीव्हीसी कार्डे घेतली. त्यांचा आकार जगभर ८५.६० गुणिले ५३.९८ मिलिमीटर आणि जाडी ०.७६ मिलिमीटर अशी ठरलेली असल्याने पुढे कोणालाही नेमके तसेच कार्ड मिळवता येईल. ओपीडीच्या प्रत्येक खोलीतील फरशी वेगळी आहे, म्हणून कार्ड फरशीवर न ठेवता सनमायका लावलेल्या प्लायवूडच्या फळीवर ठेवायचे.

बाजारात मिळणारा सामान तोलण्याचा डिजिटल काटा आम्ही तपासून बाजूला ठेवला. तो स्थिर झालेले वजन दाखवण्यासाठी बनवलेला असतो आणि आम्हाला हवा तो क्षण स्थिर नसतो, कारण कार्ड निसटताना बल चढते आणि पापणी लवायच्या आत कोसळते. म्हणून अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याच्या मदतीने लोड सेल (बलाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा भाग) आणि एचएक्स७११ हे मापन-परिपथ वापरून ओढमापक तयार केला. या परिपथाला सेकंदाला १० किंवा ८० नोंदी घेता येतात. आम्ही ८० वर ठेवला आहे, म्हणजे दर साडेबारा मिलिसेकंदांनी एक नोंद होते आणि त्यातील सर्वोच्च आकडा पडद्यावर राहतो. रोज सकाळी किराणा दुकानात असतात तशी, वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असलेली वजने टांगून मापक तपासायचा आणि १ किलोला ९.८१ न्यूटन या हिशेबाने आकडा जुळतो ना, हे वहीत लिहायचे.

३ जुलै २०२५, गुरुवार

आज फक्त बसण्याच्या पद्धतीवर काम केले आणि मोजणीतील बरीचशी ओढाताण येथेच आहे, याची खात्री पटली.

अंगठा खाली दाबणारे मुख्य स्नायू दोन. लांब स्नायू पोटरीच्या हाडापासून, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या बारीक हाडापासून निघतो, घोट्याच्या आतल्या अंगाने वळसा घेऊन तळव्यात येतो आणि अंगठ्याच्या टोकाच्या हाडाला चिकटतो. आखूड स्नायू तळव्यातच सुरू होऊन अंगठ्याच्या पहिल्या हाडाच्या बुडाशी संपतो. त्याच्या कंडऱ्यांत दोन लहान वाटाणेवजा हाडे असतात. लांब स्नायू घोट्यावरून जात असल्याने घोट्याचा कोन बदलला की त्याची लांबी बदलते आणि लांबी बदलली की जोर बदलतो. रुग्णाने पाय थोडा पुढे सरकवला तर पाऊल खाली झुकते, स्नायू आधीच आखडलेला राहतो आणि अंगठा दुबळा भासतो. त्यामुळे गोनिओमीटरने मोजून नितंब, गुडघा आणि घोटा तिन्ही काटकोनात ठेवायचे आणि खुर्चीची उंची बदलता येत नसेल तर मांडीखाली घडी घातलेली चादर द्यायची, असे ठरले.

दुसरा मुद्दा अंग रेटण्याचा. ‘जोरात दाबा’ म्हटले की माणूस स्वाभाविकपणे पुढे वाकतो आणि अंगठ्याऐवजी अख्ख्या देहाचा भार पावलावर देतो. भातशेती करणारे एक काका आज आले होते. त्यांच्या पायाकडे पाहिले तर अंगठा हालतही नव्हता, पण खांदे गुडघ्यांच्या पुढे आले होते आणि मापकाचा आकडा झपाट्याने चढत होता. पाठ खुर्चीला टेकवून, हात छातीवर घडी घालून बसवले तेव्हा आकडा पुष्कळ खाली आला, आणि तोच त्यांच्या अंगठ्याचा खरा आकडा होता. गुडघ्याखालचा पाय आणि पाऊल मिळून शरीराच्या वजनाच्या सुमारे ६ टक्के भरतात. ६० किलोच्या माणसात ते ३.६ किलो होतात आणि त्यातील काही भार आपोआपच अंगठ्यावर येतो. म्हणून प्रत्येक रुग्णाचे कार्ड आधी ‘काहीही न दाबता’ एकदा ओढायचे आणि तो निवांत आकडा वेगळ्या रकान्यात लिहायचा.

टाचेमागे लाकडी अडसर लावला आहे. कार्ड ओढताना पाऊल पुढे घसरणे त्याने थांबत नाही, त्यासाठी घोट्यावरून रुंद पट्टा घ्यावा लागेल. पण कोन बदलून पाय मागे नेणे तरी थांबले.

११ जुलै २०२५, शुक्रवार

या प्रकल्पाचा गाभा घर्षण आहे, हे आता स्पष्टपणे लिहून ठेवायला हवे. आम्ही मोजतो ती अंगठ्याची ताकद नाही. कार्ड ओढायला लागणारे बल मोजतो. कार्ड दोन पृष्ठभागांच्या मध्ये असते, वर त्वचा आणि खाली सनमायका, आणि दोन्हीकडे ते घासते. दोन्ही घर्षणांकांची (पृष्ठभाग किती धरून राहतो ते सांगणाऱ्या आकड्यांची) बेरीज करून तिला अंगठ्याच्या दाबाने गुणले की ओढ मिळते. दाब तोच राहून घर्षण बदलले, तरी आकडा बदलणार.

सनमायकाकडची बाजू आमच्या हातात आहे. कार्डावर माहीत असलेले वजन ठेवून ते ओढून पाहिले की त्या दिवसाचे घर्षण कळते. कार्ड आणि फळी स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी केल्यावर आकडे जवळजवळ येतात, पण नुसत्या ओल्या फडक्याने पुसले तर दिवसभर विस्कळीत राहतात. यंदा पाऊस मे अखेरीसच आला आणि तेव्हापासून खोलीतील हवा ओलीच आहे. त्यामुळे ही पुसण्याची पायरी ऐच्छिक ठेवता येणार नाही.

त्वचेकडची बाजू मात्र प्रत्येकाची निराळी. अनवाणी किंवा साध्या चपलेत वावरणाऱ्यांच्या अंगठ्याला जाड घट्टे आणि भेगा असतात. भातलावणीच्या दिवसांत पाय तासन्‌तास चिखलात राहिल्याने कातडी पांढरी, फुगलेली असते. किंचित ओलसर त्वचा कोरड्या त्वचेपेक्षा अधिक धरून राहते. चिखल्या झालेल्यांना किंवा तळव्याला जखम असलेल्यांना चाचणीतून वगळले आहे आणि त्यांना त्वचारोग विभागाकडे पाठवले आहे.

२२ जुलै २०२५, मंगळवार

मधुमेहाच्या रुग्णांबाबत आज जे लक्षात आले त्याने मला अस्वस्थ केले. दीर्घकाळच्या मधुमेहात घाम आणणारे मज्जातंतूही खराब होतात आणि तळवे कोरडे, खरखरीत पडतात. कुष्ठरोगातही तसेच होते. म्हणजे ज्यांच्यासाठी ही चाचणी सर्वाधिक उपयोगाची, नेमक्या त्यांच्याच त्वचेचे घर्षण निरोगी माणसापेक्षा कमी असू शकते. उदाहरणादाखल हिशेब मांडून पाहिला. समजा अंगठ्याचा दाब ४० न्यूटन आहे, त्वचेकडचा घर्षणांक ०.३ आणि फळीकडचा ०.२ आहे, तर ओढ २० न्यूटन येईल. त्वचा कोरडी होऊन तिचा घर्षणांक ०.२ वर आला तर त्याच दाबाला ओढ १६ न्यूटनच येईल. स्नायूत तसूभरही फरक नसताना केस पेपरवर ताकद वीस टक्क्यांनी घटलेली दिसेल आणि रुग्णाला ‘तुमचा पाय कमजोर झाला’ असे सांगितले जाईल.

यावर तोड म्हणून त्वचा आणि कार्ड यांच्यामध्ये सर्वांसाठी एकच कापड ठेवायचे ठरवले. चिकटपट्टीचा विचार मॅडमनी लगेच फेटाळला, आणि ते योग्यच होते, कारण संवेदना नसलेल्या पातळ कातडीवरून चिकटपट्टी काढताना कातडी सोलली तर रुग्णाला कळणारही नाही. त्याऐवजी पातळ सुती विणीच्या, अंगठ्यावर घालायच्या टोप्या एकाच थानातून शिवून घेतल्या. प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र धुतलेली टोपी, आणि चाचणीनंतर अंगठ्याची कातडी डोळ्यांनी पाहूनच पाय चपलेत.

टोपीमुळे त्वचेचा परिणाम खरोखर दूर होतो का, हे पाहण्यासाठी फळीत अंगठ्यापुरता तुकडा कापून त्याखाली दुसरा लोड सेल बसवला आहे. त्यावर दाब थेट कळतो, ओढमापकावर ओढ कळते, आणि दोहोंचे गुणोत्तर माणसागणिक किती हलते हे तपासता येते. टोपीशिवाय हे गुणोत्तर बरेच पसरलेले होते, टोपीसह ते आखडले. मग थेट दाबच का मोजू नये, हा प्रश्न सहकाऱ्यांनी विचारला आणि तो रास्त आहे. दाब मोजणारी फळी एका जागी बसवावी लागते, तर कार्ड, टोपी आणि ओढमापक पिशवीत घालून प्राथमिक आरोग्य केंद्रावर किंवा रुग्णाच्या घरी नेता येतात. आमच्या रुग्णांपैकी ज्यांचे पाय सर्वांत धोक्यात आहेत, ते ओपीडीपर्यंत क्वचितच पोहोचतात.

५ ऑगस्ट २०२५, मंगळवार

सूचनेचे शब्द आज कायम केले: “अंगठा सरळ ठेवा. वाकवू नका. जमिनीत दाबा आणि कार्ड सुटू देऊ नका.” अंगठा वाकवला की त्याचे टोक टेकते, मांसल भाग उचलला जातो आणि मुख्यतः लांब स्नायूच काम करतो. सरळ दाबला की आखूड स्नायूही त्यात उतरतो. ही सूचना तिन्ही परीक्षकांनी पुठ्ठ्यावर लिहिलेली वाचूनच द्यायची. उत्तेजन देण्याचा मोह सर्वांनाच होतो, पण एकाने “शाब्बास, आणखी, आणखी” म्हणायचे आणि दुसऱ्याने गप्प राहायचे, असे झाले तर आकड्यांतील फरक रुग्णाचा राहत नाही.

कार्ड अंगठ्याच्या रेषेत, आडवे, पुढच्या बाजूला ओढायचे. हात वर गेला तर अंगठा उचलला जातो. ओढ मंद गतीने, सुमारे तीन सेकंदांत वाढवायची. झटका दिला तर स्नायूला जोर धरायला वेळच मिळत नाही. एक सराव, मग तीन नोंदी, प्रत्येकीमध्ये एक मिनिट विश्रांती. बहुतेकांचा पहिला प्रयत्न कमी भरतो आणि तो समजण्यातच जातो, म्हणून सराव वगळता येत नाही.

बायकांच्या जोडव्यांचा प्रश्न निघाला. जोडवी दुसऱ्या बोटात असतात आणि ते बोट अंगठ्याशेजारीच दाबले जाते. ती काढायला सांगणे आम्हाला योग्य वाटले नाही आणि गरजही नाही. कार्ड केवळ अंगठ्याखाली राहील इतके, दुसऱ्या बोटापासून दूरच्या कडेने ठेवायचे, दुसऱ्या बोटाला त्याचा स्पर्श होऊ द्यायचा नाही आणि जोडवी असल्याची नोंद करायची. एका आजींनी स्वतःच विचारले, “जोडव्यांमुळं तुमचं मशीन चुकंल का?” त्यांना सांगितले की, त्यांच्यासाठी मशीनची रीत आम्ही बदलू.

१९ ऑगस्ट २०२५, मंगळवार

अंगठा वर उचलण्याच्या ताकदीचा प्रश्न या प्रकल्पाबाहेरचा असला तरी कंबरेच्या रुग्णांमध्ये तो टाळता येत नाही. अंगठा उचलणारा लांब स्नायू मुख्यतः कंबरेच्या पाचव्या मज्जामुळावर चालतो, म्हणून सायटिकात तो तपासतात. तेथे कार्ड निरुपयोगी आहे. हातात धरायच्या डायनॅमोमीटरने (बलमापकाने), नखाच्या मुळाशी टेकवून, दोन्ही पायांची तुलना करायची, एवढे ठरवून हा विषय बाजूला ठेवला.

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

गणपतीच्या दिवसांत ओपीडी रिकामी होती आणि दुसऱ्या भेटीच्या काही तारखा पुढे ढकलाव्या लागल्या. दोन भेटींमधील अंतर सर्वांसाठी एक आठवड्याचे ठेवायचे आहे. ज्यांचे ते फार वाढले, त्यांच्या नोंदी पुनर्चाचणीच्या हिशेबात धरणार नाही, कारण मध्यंतरी पाय खरोखरच बदललेला असू शकतो.

२५ सप्टेंबर २०२५, गुरुवार

संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांबरोबर दीर्घ बैठक झाली. विश्वसनीयतेसाठी, म्हणजे पुन्हा पुन्हा किंवा निरनिराळ्या परीक्षकांनी मोजले तर आकडे कितपत जुळतात हे सांगण्यासाठी, आयसीसी हा गुणांक काढतात आणि २०१६ साली कू व ली या संशोधकांनी मांडलेल्या पट्ट्यांप्रमाणे ०.७५ ते ०.९० चांगला आणि ०.९० च्या वर उत्कृष्ट मानतात. त्यांनीच किमान ३० निरनिराळ्या प्रकारचे सहभागी आणि शक्य तेथे ३ परीक्षक असावेत, असे सुचवले आहे. आमची आखणी त्यानुसारच आहे. पण या एका गुणांकावर विसंबून चालणार नाही, यावर आमचे एकमत झाले.

पहिले कारण असे की, आयसीसीचे अनेक प्रकार आहेत. एखादा परीक्षक प्रत्येक रुग्णाला दुसऱ्यापेक्षा नेमके ५ न्यूटन जास्त लिहीत असेल तर ‘सुसंगती’ पाहणारा प्रकार त्याला पूर्ण गुण देईल आणि ‘प्रत्यक्ष जुळणी’ पाहणारा प्रकार देणार नाही. आमच्या ओपीडीत आज एक आणि पुढच्या वेळी दुसरा थेरपिस्ट मोजतो, म्हणून प्रत्यक्ष जुळणीचाच प्रकार हवा. तीन नोंदींच्या सरासरीचा आयसीसी एकेरी नोंदीपेक्षा मोठा येतो. अहवालात सरासरीचा छापायचा आणि गर्दीत मात्र एकदाच ओढून आकडा लिहायचा, हे वाचकाची दिशाभूल करणारे ठरेल.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. सहभागींमध्ये विशीतले विद्यार्थी आणि सत्तरीतले मधुमेही एकत्र घातले की माणसामाणसांतला फरक मोठा होतो आणि मोजणीतील चूक तेवढीच राहूनही आयसीसी फुगतो. म्हणून मधुमेही गटाचा आयसीसी वेगळा काढायचा. एकाच माणसाचे दोन पाय दोन स्वतंत्र सहभागी म्हणून मोजायचे नाहीत. प्रत्येकाचा चिठ्ठीने ठरवलेला एकच पाय विश्लेषणात जाईल.

तिसरे, आणि माझ्या मते सर्वांत आवश्यक: चूक न्यूटनमध्ये सांगायची. हिशेब असा. समजा आकड्यांचे प्रमाण विचलन (ते सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) ८ न्यूटन आहे आणि आयसीसी ०.८४ आला. एक वजा ०.८४ म्हणजे ०.१६, त्याचे वर्गमूळ ०.४, त्याला ८ ने गुणले की मोजणीची प्रमाण त्रुटी ३.२ न्यूटन. दोन मोजण्यांतील फरक ९५ टक्के खात्रीने खरा मानण्यासाठी तिला २.७७ ने (१.९६ गुणिले २ चे वर्गमूळ) गुणले की सुमारे ८.९ न्यूटन येतात. याचा अर्थ, ‘चांगला’ आयसीसी असलेल्या या चाचणीतही रुग्णाचा आकडा ९ न्यूटनांपेक्षा कमी वाढला असेल तर तो व्यायामाचा परिणाम आहे, असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येत नाही. आयसीसी वाचून थेरपिस्टला समाधान वाटते. रुग्णासमोर बसल्यावर उपयोगी पडतो तो हा ९ न्यूटनांचा आकडा. याच्या जोडीला ब्लँड आणि ऑल्टमन यांच्या १९८६ च्या रीतीचा, दोन मोजण्यांतील फरक त्यांच्या सरासरीसमोर मांडणारा आलेखही काढायचा, कारण ताकद जास्त असलेल्यांत चूकही मोठी होते का, हे त्यावर डोळ्यांना दिसते.

८ ऑक्टोबर २०२५, बुधवार

ओपीडीसाठीचा तक्ता आज तयार झाला आणि केस पेपरच्या मागील बाजूस छापायला दिला. ‘अंगठ्याची ताकद: ४/५’ या ओळीखाली आता पाय कोणता, निवांत आकडा, तीन नोंदी, त्यांची सरासरी न्यूटनमध्ये, टोपी होती की नाही, मोजणाऱ्याची आद्याक्षरे आणि ‘खरा मानावा असा किमान फरक’ असे रकाने आहेत. शेवटचा रकाना विश्लेषण पुरे होईपर्यंत रिकामाच राहील आणि तो रिकामा असताना कोणत्याही रुग्णाला सुधारणा झाली किंवा घसरण झाली असे केवळ या आकड्यावरून सांगायचे नाही, अशी सूचना तक्त्यावर ठळक अक्षरात घातली आहे. ० ते ५ ची श्रेणी काढून टाकलेली नाही; ज्याचा अंगठा ३ किंवा त्याहून खाली आहे, त्याच्यासाठी कार्ड ओढण्यात अर्थ नाही.

घोट्यावरचा रुंद पट्टा शिवून आला आहे. पुढील आठवड्यात पट्ट्यासह आणि पट्ट्याविना अशा नोंदी तिन्ही परीक्षक घेतील. हवा कोरडी होऊ लागल्याने कार्ड आणि फळी यांचे घर्षण रोज सकाळी नव्याने तपासायचे, आणि पावसाळ्यातील आकड्यांशी त्याची तुलना स्वतंत्र पानावर ठेवायची.